दुसरीकडून घ्या म्हणे

आज दुपारी अंधेरीहून ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज म्हणाली, अरे आम्ही लाईटची कंपनी बदलली, वायर तीच, फक्त बिल आता दुसऱ्याचं येणार, दर बघितला हिशोब केला आणि टाकला अर्ज. भाजीवाला बदलल्यासारखं सांगत होती. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. ताईवर नाही हो. मला मार्चमधली लाईट ऑफिसातली ती खिडकी आठवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आई कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, वय ७१, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दार उघडं, गल्लीतलं कोण आलं कोण गेलं सगळं तिला ठाऊक. तरी दोन महिने बिलावर रीडिंग नाही, घर बंद असा शेरा आणि सरासरीचं बिल, ७० युनिट आणि परत ७० युनिट. तिसऱ्या महिन्यात रीडिंग घेतलं तर तीन महिन्यांचे मिळून ३३० निघाले. म्हणजे भरलेले १४० वजा करून १९० युनिट एकाच महिन्याच्या गळ्यात. आता घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर वेगळा आणि १०१ पासून जवळजवळ दुप्पट, हे तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहे. नीट तीन महिन्यांत वाटलं असतं तर महिन्याला ११०, म्हणजे वरच्या दरात तिन्ही महिने धरून फक्त ३० युनिट गेले असते. यांनी घातले ९०. वर वहन आकार म्हणजे वायरीचं भाडं, वर १६ टक्के वीज शुल्क, ते पण त्या फुगलेल्या रकमेवर.

आई पेन्शनवर जगते. तिनं बिल घडी घालून पिशवीत ठेवलं आणि म्हणाली चल, विचारून येऊ. पाऊण तास लाईनमध्ये उभी राहिली. नंबर आल्यावर तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, साहेब, एवढं कसं आलं हो? आतला माणूस कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाला, "मावशी, परवडत नसंल तर दुसरीकडनं घ्या की लाईट." मागचे दोघेतिघे हसले.

रिक्षात बसल्यावर आईनं मला विचारलं, "दुसरीकडनं मिळती व्हय रं लाईट?"

तिनं खरंच विचारलं होतं. तिला वाटलं असंल मिळत, साहेब सांगतोय म्हणजे. आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं कारण कोल्हापुरात नाहीच मिळत. मुंबईच्या उपनगरात मिळते, तिथं २००९ पासून घरगुती गिऱ्हाईकाला एकीकडून दुसरीकडं जाता येतं, आज टाटा आणि अदानी दोघांतून निवडता येतं. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला २०११ पासून येतंय. गॅसची एजन्सी बदलता येते. अहो आपल्या शिरोलीत गोकुळ शिरगावात एखाद्या मोठ्या कारखान्याची मागणी एक मेगावॅटच्या वर असली तर त्याला पण बाहेरून वीज विकत घ्यायची मुभा कायद्यात आहे, २००३ च्या कायद्यापासून! म्हणजे मोठ्याला दार उघडं आणि माझ्या आईला फक्त खिडकी, आणि त्या खिडकीतून हे असलं ऐकायचं.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन बघा. समोर धार काढून देतात, तरी फेसच जास्त दिला तर माणूस ग्लास ठेवून शेजारच्या म्हशीकडं जातो, आणि ते गवळ्याला माहीत असतं म्हणून तो ग्लास काठोकाठ भरून देतो. भांडण नाही काय नाही. गिऱ्हाईक उठून जाईल ही भीती पायजे, बास. ती खिडकीच्या आत कुणालाच नाही. ताई सांगत होती दर कधी एकाचा कमी असतो कधी दुसऱ्याचा, वायरीचा आकार कुठंही गेलं तरी भरावा लागतोच, म्हणजे बिल लगेच अर्धं होतं असं पण नाही. ठीक आहे, नसू दे. पण तिच्याशी फोनवर कुणी असं बोलत नाही, कारण ती उद्या जाऊ शकते.

आता काहीजण म्हणतील खाजगीवाले आले तर ताराबाई पार्क आणि नागाळा पार्कसारखे पैसेवाल्यांचे भाग घेतील, लांब डोंगरात गगनबावड्याला कोण वायर ओढणार, आणि शेतीपंपाच्या स्वस्त विजेचा भार कोण उचलणार. बरोबर आहे, मला पण त्याचं उत्तर येत नाही. पण म्हणून मंगळवार पेठेतल्या म्हातारीनं खाली मान घालून परत यायचं का? टोल घालवलेलं गाव आहे हे. टोलविरोधात एन. डी. पाटील सरांच्या मागं म्हातारीकोतारी रस्त्यावर उतरली होती ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

एक मात्र सांगितलं पायजे, नाहीतर मलाच झोप येणार नाही. २०१९ च्या महापुरात सबस्टेशनं पाण्यात होती, तेव्हा वायरमन पोरं बोटीतनं जाऊन खांबावर चढलेली मी बघितलीत. आमच्या गल्लीत लाईट आली तेव्हा आईनं त्यातल्या एकाला ओढून घरात आणला आणि गरम भात आमटी वाढली, तो चिखलानं भरलेला, बसायला तयार नव्हता. त्या पोरांबद्दल माझी काय पण तक्रार नाही. खिडकीतल्या माणसावर पण दिवसभर शंभर जण ओरडत असतील, कळतं मला. पण आई ओरडली नव्हती हो. साहेब म्हणाली होती.

नंतर मी लेखी अर्ज दिला, तीन महिन्यांत युनिट वाटून स्लॅबचा, म्हणजे पहिल्या १०० युनिटच्या कमी दराचा, फायदा द्या म्हणून. पोच घेतली. अडीच महिन्यांनी बिल सुधारून आलं. तुमच्यापैकी कुणाचं असं झालं असेल तर तोंडी बोलू नका, अर्ज द्या, नाही ऐकलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. आणि दर महिन्याला मीटरचा फोटो काढून ठेवा तारखेसकट.

ताईचा फोन झाल्यावर मी आईला म्हटलं, आपण वर गच्चीवर सोलर बसवूया. दोन किलोवॅटला केंद्राची ६० हजार सबसिडी मिळते, एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट तयार होतात, आपल्याकडं जून ते सप्टेंबर ढगात जातो ते सोडा पण वर्षाचा हिशोब बसतो. तुझी लाईट तुझ्या छपरावर, मग कुणी काय म्हणायचा प्रश्नच नाही. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पापड वाळत घालायला जागा राहील का एवढं विचारलं, आणि मग म्हणाली, "त्याचं मीटर कोण देणार?"

मीटर तिथनंच मिळणार. त्याच ऑफिसातनं. मी तिला सांगितलं, अर्ज मी एकटा जाऊन देतो, तू येऊ नको.

ती म्हणाली, येणार.