छातीचा फोटो आणि अर्धा कोयता

परवा बीडकडच्या एका वर्गमित्राने फोनवर तावातावाने विचारले, "व्हिसा देण्याआधी आमच्या छातीचा फोटो काढतात, हा अपमान नाही तर काय?" सहा महिन्यांहून अधिक काळासाठी ब्रिटनला येणाऱ्या भारतीयाला क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. मुंबईच्या तपासणी केंद्रात मंगळसूत्र रुमालात बांधून मीही त्या रांगेत उभी राहिले होते, त्यामुळे त्याचा राग मला परका नाही. माझा आक्षेप मात्र वेगळा आहे: ती तपासणी अपुरी आहे.

छातीच्या फोटोत त्या दिवशी असलेला रोग दिसतो. शरीरात वर्षानुवर्षे निजलेला जंतू दिसत नाही. इंग्लंडमधल्या क्षयरुग्णांपैकी पाचांतले सुमारे चार परदेशात जन्मलेले आहेत आणि त्यांतले अनेकजण इथे येऊन बरीच वर्षे झाल्यावर आजारी पडतात. म्हणूनच इथे तरुण स्थलांतरितांची रक्ततपासणीही करतात. लेस्टरला आल्यावर मला तसे पत्र आले, तपासणीत सुप्त संसर्ग निघाला आणि तीन महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, हे गुजराती बोलणाऱ्या नर्सबाईंनी आधीच सांगितले होते. पैसे पडले नाहीत, व्हिसालाही धक्का लागला नाही. हे ठाऊक नसते, तर ते पत्र मी बहुधा केराच्या टोपलीत टाकले असते.

आखातात नोकरीला निघालेल्या रत्नागिरीच्या आमच्या शेजाऱ्याने अधिकृत तपासणीआधी खासगीत गुपचूप फोटो काढून घेतला होता, कारण 'अनफिट' असा शेरा म्हणजे हातची नोकरी गेली. सापडणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सापडणार नाही याची काळजी स्वतःच घेतो.

मित्राच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. क्षयाची नेहमीची औषधेही सहा महिन्यांची असतात, म्हणजे जवळपास पूर्ण हंगामभर. 'निक्षय' या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली नोंद राज्याची हद्द ओलांडू शकते. पण नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि एकजण बसला की अर्ध्या कोयत्याचा हिशेब मुकादम मागतो. मग खोकला कोण सांगेल?

यंदा गावातून किती कोयते गेले आणि त्यांतल्या कोणाची औषधे चालू होती, असे मी मित्राला विचारले. पहिला आकडा त्याने चटकन सांगितला.