माझ्या आप्पांचं नाव शमुवेलच आहे

आज सकाळी एका कचेरीच्या खिडकीवर एका पोरसवदा क्लार्कने माझ्या आप्पांचं नाव खोडलं. घराला वारस नोंद करायची म्हणून गेले होते. अर्जावर मी 'शमुवेल' लिहिलं होतं. त्याने त्यावर आडवी रेघ मारली, वर 'सॅम्युअल' लिहिलं आणि म्हणाला, "मॅडम, चुकलं होतं, दुरुस्त केलंय." मी म्हटलं, अहो, नाव असंच आहे, शाळेच्या दाखल्यावरही असंच आहे. तर माझ्याकडे बघून म्हणतो, "पण तुम्ही मराठी छान बोलता हो!"

दुपारचं जेवण गेलं नाही मला.

छान बोलता म्हणजे काय? मी मिरजेत जन्मले, मिरजेत वाढले. भाजीवाल्याशी घासाघीस मराठीत करते, प्रार्थना मराठीत करते, आप्पा गेले तेव्हा हंबरडा फोडला तोही मराठीतच. कौतुक करताना समोरच्याला परकं ठरवलं जातं हे लोकांना कळत कसं नाही? पोरगा वाईट नव्हता, हे मान्य. पाणी पिणार का, असंही विचारलं त्याने. पण लागायचं ते लागलंच.

आणि शमुवेल ही चूक नाही. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, तो शमुवेलच आहे, जसे योहान, मत्तय, मोशे, शलमोन आहेत. मूळ हिब्रू उच्चाराच्या जवळचं हेच रूप आहे. सॅम्युअल हे इंग्रजांचं. म्हणजे त्याने मराठी नाव खोडून इंग्रजी लिहिलं आणि मग माझ्या मराठीला शाबासकी दिली!

आप्पा मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. १८९४ साली डॉक्टर वानलेसांनी सुरू केलेलं तेच हॉस्पिटल. त्यांच्या नावाची वानलेसवाडी सांगली-मिरज रस्त्यावर आहे. रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे बुधगाव-माधवनगर म्हणावं तसं सहज वानलेसवाडी म्हणतात. ते नाव कुणाला परकं वाटत नाही. मग माझ्या बापाचंच का वाटावं?

आप्पांची बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गेली. बाहेर भिंतीला टेकून नातेवाईक बसलेले असायचे, कुणी जतहून आलेले, कुणी आटपाडीहून, कुणी पार चिकोडीकडून. पेशंट सुखरूप बाहेर आला आणि डॉक्टरांनी मान हलवली की आप्पा अर्धं दार उघडायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "शुभवर्तमान!" तो शब्द ज्यांनी कधी ऐकला नव्हता त्यांनाही तो कळायचा. बायका तिथेच पदर तोंडाला लावून रडायच्या.

आम्हा ख्रिस्ती लोकांत येशूच्या चरित्राला शुभवर्तमान म्हणतात. मत्तयाचं, मार्काचं, लूकचं, योहानाचं. पण वर्तमान म्हणजे बातमीच की! वर्तमानपत्र म्हणतोच ना आपण? शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमी, इतका साधा शब्द आहे तो. आप्पा रात्री जेवताना आम्हा भावंडांना विचारायचे, "आज काय शुभवर्तमान?" स्वतःचं सांगायचं नाही, दुसऱ्याच्या घरचं सांगायचं, हा नियम. मग आम्ही संध्याकाळभर गल्लीतून बातम्या गोळा करत हिंडायचो. एकदा माझ्याकडे काहीच नव्हतं, तर पलीकडच्यांची म्हैस व्याली आणि रेडकू उभं राहिलं, एवढंच सांगितलं. आप्पांनी हातातली भाकरी खाली ठेवून त्यासाठीही देवाचे आभार मानले.

अशा शब्दांनी आमचं घर भरलेलं होतं. 'खचित', म्हणजे नक्की, हा शब्द आता कोण बोलतं? आमच्याकडे रोज असायचा, "खचित येतोस ना?" यहुद्यांच्या 'पासओव्हर' सणाला मराठीत वल्हांडण म्हणतात. देवदूत घर ओलांडून गेला म्हणून वल्हांडण. किती नेमका शब्द आहे! पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली इथे शेजारी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. ख्रिस्तासाठी त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. त्याच्या तीनशे वर्षं आधी, १६१६ साली, गोव्यातल्या फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून झालं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतही पेढे वाटले. आपल्याच घरचा आनंद होता तो.

आता आपल्या माणसांनाही बोलते, राग आला तर येऊ दे. मुलांची नावं ठेवताना शमुवेल, हन्ना आता कुणाला नको असतात. माझी स्वतःची लेक पुण्यातून फोनवर 'प्रेज द लॉर्ड' म्हणते. 'जय ख्रिस्त' म्हण म्हटलं की हसते. आपणच आपले शब्द माळ्यावर टाकले, तर खिडकीपलीकडच्या पोराला ते कुठून कळणार?

हे लिहिता लिहिता राग उतरतोय. पाणी उतरतं तसा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. सांगलीच्या गावभागातल्या काकू त्यांच्या घरच्या सहा माणसांसह आठ दिवस आमच्या दोन खोल्यांत होत्या. काकू देवघरातला बाळकृष्ण पदरात बांधून आल्या होत्या. आप्पांनी आपल्या पवित्र शास्त्राशेजारी फळीवर जागा करून दिली. फोनवर नुसत्या अफवा येत होत्या, हा बंधारा फुटला, तो पूल गेला. आप्पा तासातासाला विचारायचे, "आयर्विनला किती?" मग एका पहाटे निरोप आला की पाण्याला उतार पडला, काही इंचच, पण पडला. आप्पांनी त्या वयात काठी टेकत दाराशी येऊन सगळ्यांना उठवलं, "शुभवर्तमान!" काकूंनी आधी बाळकृष्णाला हात जोडले, मग आप्पांना.

आप्पा जाऊन दोन वर्षं झाली.

तर आज चारच्या सुमारास काकूंचा फोन आला. मी कपाळाला बाम लावून पडले होते. हॅलो नाही की काही नाही, एकदम म्हणाल्या, "अगं, शुभवर्तमान! नात झाली. तीन किलोची आहे. आई-बाळ दोघं सुखरूप."

मला पुढे बोलताच येईना. काकू म्हणाल्या, "रडतेस काय वेडे, आप्पांनी विचारलं असतं म्हणून पहिला फोन तुला केला."

उद्या सकाळी आधी बाळाला बघून येणार. मग नवा अर्ज घेऊन त्याच खिडकीवर. शाळेचा दाखला आत्ताच पर्समध्ये ठेवलाय.