समुद्रापासून दोन मिनिटं

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, मला पहिल्यांदा कळलं की आमची डोंबिवली दिवसभर वाजत असते. पस्तीस वर्षं मी सातला घर सोडून रात्री आठला परत येत होतो. मधल्या तेरा तासांत इथे काय चालतं याची मला कल्पनाच नव्हती. समोरची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय, तिथे ब्रेकर. खालच्या मजल्यावर कोणीतरी जन्मभर पुरतील एवढ्या लाद्या कापतंय. भंगारवाला पूर्वी ओरडायचा, आता त्याने ध्वनिमुद्रण करून घेतलंय, आणि दुपारी दोन ते तीन कामगार जेवायला बसले की नाक्यावरच्या मांडवातून "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" सुरू होतं.

"आपण समुद्रकिनारी जाऊन राहू," मी हिला म्हटलं. "शांत गाव बघू. प्रेमळ माणसं असतील असं."

ही मटार सोलत होती. म्हणाली, "मी तिथूनच आलेय."

इथे थोडा खुलासा करतो. मी नाशिकचा. आमच्याकडचं पाणी एका दिशेने जातं आणि परत येत नाही. त्यामुळे समुद्र म्हटला की मी विरघळतो. हिचं माहेर दापोलीजवळच्या अंजर्ल्याकडचं. समुद्र, पाऊस, ओली लाकडं, न्हाणीघरातलं जनावर आणि शेणाने सारवायचं अंगण या सगळ्याला रामराम ठोकून ती एकविसाव्या वर्षी एसटीत बसली होती, ती माझ्याशी लग्न करून डोंबिवलीत उतरली. तिच्या दृष्टीने माझी निवृत्तीची योजना म्हणजे सुटलेल्या कैद्याला 'चल, तुरुंगालगत बंगला बांधू' म्हणण्यातला प्रकार होता.

तरी मी वही केली. बँकेतली सवय. गाव, शांतता, माणसं, दवाखाना, स्टेशन, मासे असे रकाने आखले, प्रत्येकाला दहा गुण. सेंडऑफला मिळालेल्या शाईच्या पेनाने, अक्षर काढून. हिने वही बघितली आणि सातवा रकाना स्वतः आखला. वर लिहिलं, 'जुलै'.

"हे काय?"

"जानेवारीत कोकण कोणालाही आवडतं. जुलैत बघायचं आणि मग बोलायचं."

पहिला नंबर अलिबागचा लागला, कारण भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून मांडव्याला रो-रो बोट जाते. तासाभरात गाडीसकट पलीकडे. आमच्या वॅगनारच्या पुढेमागे ज्या गाड्या उभ्या होत्या त्यांची नावंसुद्धा मला धड वाचता येईनात. डेकवर शेजारी हाफपँटमधले एक गृहस्थ फोनवर सांगत होते, "अलिबाग इज सो पीसफुल, यार." दर शनिवारी एवढी सगळी मंडळी एकाच बोटीने ती शांतता घ्यायला जातात. तिथल्या एजंटने गुंठ्याचा भाव सांगितला. मला वाटलं एकराचा सांगतोय, म्हणून मी मान डोलावली. मग खरं काय ते कळल्यावर त्याला वाटलं मी त्याची चेष्टा केली. मुंबईत भोळ्या माणसाला विचारतात, 'अलिबागसे आया है क्या?' आता भोळी माणसं मुंबईहून अलिबागला जातात, एवढाच फरक.

या एजंट जमातीबद्दल थोडं बोलायला हवं. त्यांच्याकडे अंतर मोजायचं एकच एकक असतं, ते म्हणजे दोन मिनिटं. बीच दोन मिनिटं. बाजार दोन मिनिटं. हॉस्पिटल? "हे काय, दोन मिनिटं." दिवेआगरात आम्ही अशी दोन मिनिटं चालायला लागलो ती पंचवीस मिनिटांनी एका निवडुंगाच्या कुंपणापाशी संपली. समुद्र पुढेच होता, पण मध्ये दुसऱ्याची वाडी होती.

"दोन मिनिटं म्हणालात ना?"

"बाईकवर हो, काका. आणि आत्ता ओहोटी आहे. भरतीला समुद्र जवळ येतो."

याच दिवेआगरात 1997 साली सुपारीच्या वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला होता. एजंटने ती हकिगत तीन प्लॉटवर तीनदा सांगितली आणि प्रत्येक वेळी शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "इथं खणल्यावर काय लागेल सांगता येत नाही, काकू." काकूंनी विचारलं, "पाणी लागेल का?" त्यावर तो जरा वेळ समुद्राकडे बघत राहिला.

जमीन दाखवताना त्याचं धोरणच ते होतं. कागदांचा विषय निघाला की समुद्राकडे बोट. हिने सातबारा मागितला. उताऱ्यावर सतरा नावं. त्यातली चार मयत, वारसनोंद व्हायची होती, आणि एकजण 1974 पासून आफ्रिकेत. "सह्या होतील हो," एजंट म्हणाला. बहुधा दोन मिनिटांत. शिवाय शेतजमीन आपल्या राज्यात शेतकऱ्यालाच घेता येते. मी पस्तीस वर्षं शेतकऱ्यांना पीककर्जं वाटली, खरीप-रब्बी मला पाठ आहे, पण कायद्याने मी शेतकरी नाही. बिनशेती प्लॉट होता तो भरतीरेषेच्या इतका जवळ की सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्याच्या बांधकाम नियमांत, त्यावर घर बांधणं दूरच, मोठ्याने शिंकायलासुद्धा परवानगी लागली असती.

परतताना ही गाडी थांबवून एका वाडीच्या गडग्यापाशी उभी राहिली. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्या भागातल्या पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या होत्या. आता नव्या लावलेल्या दिसत होत्या, माझ्या कमरेएवढ्या. "पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात," ही म्हणाली. मी साठीचा. मनातल्या मनात बेरीज केली आणि गाडीत जाऊन बसलो.

त्या दिवशी शनिवार होता हे सांगायचं राहिलं. किनाऱ्यावर दोन उंट होते. उंटाचा आणि रायगड जिल्ह्याचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही, पण ते दोन्ही उंट माझ्यापेक्षा तिथे जास्त रुळलेले वाटले.

दापोलीचा प्रस्ताव मी फार हुशारीने मांडला होता. इंग्रजांनी तिथे छावणी केली ती हवा बघूनच, अजून जुनी माणसं 'कॅम्प दापोली' म्हणतात. आणि शेजारच्या मुरुडचे महर्षी कर्वे 104 वर्षं जगले. यावर ही म्हणाली, "ते पुण्यात राहून जगले." दापोली संपली. तिच्या माहेरच्या घराला चार चुलत भावांची चार कुलपं आहेत, त्यामुळे तो विषय तसाही आम्ही काढत नाही.

रत्नागिरीत सगळं होतं. दवाखाने, स्टेशन, कॉलेजं, बाजार. थोडक्यात, डोंबिवलीच होती, फक्त आंबे चांगले. थिबा पॅलेस बघायला गेलो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि त्याला हा राजवाडा मिळाला 1910 मध्ये. चोवीस वर्षं ताबा नाही. बिल्डर साक्षात ब्रिटिश सरकार असून! पुढे 1916 साली राजा तिथेच वारला. मी म्हटलं, "बघ, रत्नागिरीत निवृत्त झालेला हा पहिला मोठा माणूस."

"त्याला कोणी विचारलं नव्हतं," ही म्हणाली. "मला तरी कुठे विचारलंत?"

तर शेवटी जुलैत वेंगुर्ला. ओळखीतून एक घर आठ दिवसांसाठी भाड्याने मिळालं. जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, खळ्यात तुळस, मागे विहीर. समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत होता. हे वाक्य लिहायला छान वाटतं. पहिल्या रात्री मी ते वहीत लिहिलंसुद्धा. मग दिवा मालवून आडवा झालो आणि ऐकत राहिलो. वर कौलांवर पाऊस, मागे विहिरीपाशी बेडूक, आणि या सगळ्याच्या खालून तो समुद्र. डोंबिवलीत एक बरं असतं, शेवटची कर्जत गेली की स्टेशन झोपतं. समुद्राला शेवटची गाडी नाही. पहाटे तीनला मी उठून पडवीत बसलो. ही गाढ झोपली होती. घोरत होती असंही म्हणता येईल, पण समुद्रामुळे नक्की सांगता येत नाही.

सकाळी साडेसहाला गडग्यापलीकडून एक आजी उगवल्या. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, काखेत बरका फणस.

"इलात?"

"हो, काल आलो."

"जातलात कधी?"

मी नाशिकचा माणूस. आमच्याकडे पाहुणा आल्याआल्या असं विचारत नाहीत, निदान चहा तरी होऊ देतात. दूधवाल्यानेही तेच विचारलं, 'जातलात कधी?' दुकानदाराने तेच, रिक्षावाल्याने तेच. माणसांच्या रकान्यात मी दहापैकी तीन मांडले. ही हसत सुटली. "अहो, किती दिवस आहात ते विचारतात. तेवढ्या दिवसांत तुम्हाला काय काय खायला घालायचं त्याचा हिशोब असतो तो."

मासे हा माझा हुकमी रकाना होता. अलिबाग ते वेंगुर्ला, सगळीकडे दहापैकी दहा देत आलो होतो. तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी, मासळीच्या विणीचे दिवस म्हणून. बाजारात खाडीतली थोडी मासळी होती, ती आम्ही पोचेपर्यंत संपायची. उरला खारा बांगडा. पस्तीस वर्षं बँकेत व्याजाची तारीख चुकवली नाही, आणि समुद्रकिनारी जाऊन सुकट खाल्ली.

तिसऱ्या दिवशी मिठाला पाणी सुटलं. चौथ्या दिवशी कमरेच्या पट्ट्यावर हिरवी लव उगवली. कपडे वाळत नव्हते, शिळे होत होते. औषधाच्या दुकानातून मी माझ्या साखरेच्या गोळ्या आणल्या सकाळी अकराला, संध्याकाळी सुकी मासळी विकणारी बाई पैसे मोजता मोजता म्हणाली, "भात जरा कमी खावा." आजींनी तोवर माझी पेन्शन विचारून घेतली होती. "पेन्शन किती गावता?" मी गोलमाल उत्तर दिलं, तर हिने नेमका आकडा सांगितला. आजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला पेन्शन वाढवून मागावीशी वाटली.

सहाव्या रात्री छातीत दुखायला लागलं. लाईट गेलेली. हिने गडग्यापलीकडे एक हाक मारली, फार मोठ्याने नाही. दहा मिनिटांत पडवीत सात माणसं, तीन बॅटऱ्या आणि दारात एक रिक्षा. मी खुर्चीत, घामाघूम, आणि माझ्यावर चर्चा सुरू. कुडाळला न्यावं की सावंतवाडीला की थेट बांबोळीला? सिंधुदुर्गात आजार जरा मोठा वाटला की माणसं गोव्याच्या हद्दीतल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात धावतात. तिथल्या बोलण्यात 'बांबोळीक नेलो' एवढं म्हटलं की ऐकणारा आवाज खाली आणतो. बांबोळी म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता, जुलैतला. दोन मिनिटं म्हणणारा एजंट मला त्या क्षणी फार आठवला. एकाचं म्हणणं पडलं, आधी गावातल्या डॉक्टरांना उठवू. उठवलं. त्यांनी तपासलं, कार्डियोग्राम काढला, ठीक होता. मग विचारलं, "रात्री काय खाल्लंत?"

मी काही बोलायच्या आत आजी म्हणाल्या, "गरे. अठ्ठावीस."

त्यांनी मोजले होते. साखर असलेल्या माणसाने अठ्ठावीस गरे खाल्ले ही बातमी दुसऱ्या दिवशी माझ्याआधी बाजारात पोचली. मीठवाल्याने दोनदा खोकून हसू दाबलं.

निघायच्या दिवशी वही उघडली. शाईचं पेन, जुलैची हवा. रकान्यांच्या रेघा फुटून वाहिल्या होत्या, शांततेचे गुण माणसांत शिरले होते, माणसांतले दवाखान्यात, आणि मासे तर पार पुसून गेले होते. 'जुलै'च्या रकान्यात हिने आठ दिवसांत काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "पट्टा पुसून घ्या आधी."

डोंबिवलीत परत आलो. लिफ्टमध्ये समोरच्या तीनशे दोनवाल्यांची भेट झाली. आम्ही आठ दिवस नव्हतो हे त्यांना कळलेलं नव्हतं. त्यांनी मला "काय, ऑफिसला?" असंही विचारलं. लाद्या कापणं चालूच होतं. रात्री शेवटची कर्जत गेली, सगळं शांत झालं, आणि मी पावणेतीनपर्यंत जागा.

पाचव्या दिवशी ही फोनवर बोलताना दिसली. पलीकडचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता.

"तुमची छत्री हय रवली! कधी येतलात?"

छत्री साडेतीनशेची. मी म्हटलं, नवीन घेऊ. ही म्हणाली, चांगली छत्री आहे, अशी टाकून देतात का. मी म्हटलं, कुरिअरने मागव. ही म्हणाली, मोडेल. तेव्हापासून मी रोज सकाळी मोबाइल घेऊन बसतोय. गणपतीच्या दिवसांतल्या कोकणच्या सगळ्या गाड्या भरलेल्या आहेत, तरी मी दोन तिकिटं काढून ठेवलीत. आमचा वेटिंग नंबर एकशे बारा-एकशे तेरा आहे.