‘काच डुप्लिकेट, टेस्ट करू दिली नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

साहेब, नमस्कार. आमच्याकडे बुलेटप्रूफ करायला दिलेली गाडी ठरल्या तारखेला मिळाली नाही, तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत. वजन वाढलं की आरसीत नोंद बदलावी लागते आणि आरटीओची मंजुरी आमच्या हातात नसते. अ‍ॅव्हरेज पडलं, ब्रेक जड झाला, ड्रायव्हरची काच चार बोटंच उतरते, हेही लिहिलंत. बुलेटप्रूफिंगच्या पातळ्या असतात: बी-४ पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरतं असतं, रायफलची गोळी अडवायची तर बी-६, आणि बी-६ म्हणजे फॉर्च्युनरवर हजार किलोच्या आसपास बोजा. तरी बी-६च हवं, हा हट्ट तुमचा. कोटेशनवर सही आहे.

पण ‘काच डुप्लिकेट असणार, म्हणूनच टेस्ट करू दिली नाही’ हे फार लागलं. कसली टेस्ट, तेही लोकांना कळू द्या. डिलिव्हरीच्या दिवशी तुम्ही कमरेचं लायसनचं रिव्हॉल्व्हर काढलंत आणि म्हणालात, “एक मारून बघतो.” शेडमध्ये माझी पोरं काम करत होती. दाराच्या कडक स्टीलवरून गोळी उडून एखाद्याला लागली असती तर? निष्काळजीपणे गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर आर्म्स अ‍ॅक्टच्या २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय एकदा गोळी खाल्लेली काच भरवशाची राहत नाही, बदलावीच लागते. तो खर्च कुणी करायचा होता?

टेस्ट लॅबमध्ये, त्याच बनावटीच्या नमुन्यावर होते. सर्टिफिकेट तुमच्या फाइलमध्ये आहे. ऑफिसातला नमुना तुम्ही स्वतः उचलून पाहिलात: ४० मिलिमीटर जाड, कडेला एकेक थर दिसतो, आतून पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकचा थर, म्हणजे काचेच्या चिपा आत बसलेल्याच्या तोंडावर उडत नाहीत. तेव्हा “वा, जड आहे हो” म्हणालात. आज तीच काच डुप्लिकेट?

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक नाव बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे खूश झालेला कुणी इथे चार ओळी लिहीत नाही. वाईट एक पडला की तोच वर दिसत राहतो. या धंद्यावर घरं चालतात, एवढं लक्षात घ्या.

तारखांच्या बाबतीत पुढे काळजी घेऊ. ब्रेकचं बघून देतो, गाडी पाठवा, पैसे घेणार नाही. आणि गाडी दिवसभर उन्हात उभी करू नका, काचेचे थर सुटून बुडबुडे येतात, मग त्यावरून पुन्हा रिव्ह्यू नको. ड्रायव्हर आला तरी चालेल. तुम्ही आलात तर रिव्हॉल्व्हर घरी ठेवून या.