चूकभूल द्यावी घ्यावी, पण कोणी?

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेले चार दिवस जे चाललंय ते वाचून माझं डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलो. झालं एवढंच की नाशिकच्या माझ्या मामेबहिणीने ऑनलाइन किचनमधला वजनकाटा मागवला आणि खोक्यातून निघाले चांगले भारीतले हेडफोन. तिने कस्टमर केअरला फोन करून सांगितलं, आणि सांगितल्याचं ग्रुपवर लिहिलं. बस्स! काका म्हणाले लक्ष्मी चालून आली आणि तू दार लावून घेतलंस. आतेभाऊ म्हणाला फोनच्या जागी साबणाची वडी आली असती तर कंपनीने तुला विचारलं असतं का. ह्यात थोडं तथ्य आहे, येतो त्यावर. पण कोणीतरी लिहिलं, "परदेशात तर कायदाच आहे, चुकून आलेली वस्तू ग्राहकाची. दादाला विचारा."

दादा म्हणजे मी, श्टुटगार्टला अकरा वर्षं. विचारलं कोणीच नाही, उत्तर आधीच ठरलेलं होतं.

तर सांगतो. अमेरिकेचा १९७० चा जो कायदा रील्समध्ये फिरतो तो न मागवलेला माल पोस्टाने घरी पाठवायचा आणि मग पैशांचा तगादा लावायचा, अशा लोकांना चाप लावायला आलेला आहे. गोदामातल्या माणसाने चुकीचं लेबल चिकटवलं तर काय, हा वेगळा विषय. आणि इथे जर्मनीत बीजीबीच्या, म्हणजे नागरी कायद्याच्या, कलम २४१ए मध्ये पहिलं वाक्य ग्राहकाच्या बाजूचं आहे, न मागवता पाठवलंत तर विक्रेत्याला काही मागता येत नाही, पण त्याच्या खालचंच वाक्य म्हणतं की चुकून पाठवलं असेल आणि घेणाऱ्याला ते कळलं किंवा जरा लक्ष दिलं असतं तर कळलं असतं, तर विक्रेत्याचा हक्क शाबूत. वजनकाट्याच्या जागी हेडफोन आले हे कळायला किती लक्ष लागतं? आपल्या लोकांना पहिलं वाक्य बरोबर सापडतं, दुसऱ्याच्या वेळी नेमका नेटवर्क जातो.

आणि जर्मनीपर्यंत जायचंच कशाला. आपला काँट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चा, त्याचं कलम ७२ सरळ म्हणतं की चुकून पैसे मिळाले किंवा चुकून वस्तू हातात आली तर ती परत करायची. दीडशे वर्षं झाली. काकांचं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान होतं, बिलाच्या तळाशी "चू.भू.द्या.घ्या." छापलेलं असायचं, सुट्टीत त्या बिलबुकांवर मीच शिक्के मारायचो. गिऱ्हाइकाला चुकून जास्त खिळे गेले की काका पोऱ्याला सायकलवर मागे पाठवायचे. तेव्हा लक्ष्मी कुठे चालली होती, हे ग्रुपवर लिहिलं होतं, मग डिलीट केलं. वडीलधारे आहेत.

आता आतेभावाचा मुद्दा. तो म्हणतो अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नसेल तर आपलं कोणी ऐकत नाही. पण २०२० च्या ई-कॉमर्सच्या नियमांत स्पष्ट आहे, वस्तू ठरल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. व्हिडिओ काढाच असं कुठेही नाही. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फीसुद्धा नाही. पण आपण काय करतो, एका हातात कात्री दुसऱ्यात मोबाइल, आणि पुरावा देणं हे जणू गिऱ्हाइकाचंच कर्तव्य. ग्राहक पंचायत सत्तरच्या दशकात आपल्याकडे, पुण्या-मुंबईत उभी राहिली हो! इथे जर्मनीत मागवलं एक आणि आलं दुसरं तर तो मालातला दोषच धरतात, बरोबर वस्तू द्यायचा आणि चुकीची परत न्यायचा खर्च विक्रेत्याचा. व्हिडिओ वगैरे कोणी मागत नाही.

हे वाक्य मी ग्रुपवर टाकलं आणि बहिणीचा वेगळा मेसेज आला, "दादा, तुझं असं झालंय का कधी?"

झालंय. सहा वर्षांपूर्वी मी टेबल लॅम्प मागवला होता आणि पॅकस्टेशनमधून, म्हणजे पार्सलच्या लॉकरमधून, जे खोकं उचलून आणलं त्यात कॉफीचं मशीन निघालं, चारशे युरोच्या आसपासचं. त्या आठवड्यात केअरवोखे, म्हणजे जिना साफ करायची पाळी, माझी होती, जिना पुसताना वरच्या आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले एक ईमेल टाक आणि खोकं केलरमध्ये, तळघरात ठेव, पाहिजे असेल तर येतील न्यायला. विषय संपला त्यांच्यासाठी. मला दोन रात्री झोप नाही. पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याचा, अर्ज आउसलेंडरबेहोर्डेत, परदेशी लोकांच्या कचेरीत, पडून होता आणि मला सारखं वाटत होतं की कुठेतरी माझ्या नावापुढे लागेल, ह्याने मशीन ठेवून घेतलं. वरचं सगळं कलम-बिलम मी तेव्हाच पाठ केलेलं आहे, आवड म्हणून नाही. ईमेल टाकला, उत्तराची वाटसुद्धा पाहिली नाही, खोकं पुन्हा बांधलं, आणि बांधताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढला. हो, व्हिडिओ! मग स्वतःच्या पैशाने विमा उतरवून पार्सल केलं. खर्च त्यांचा होता हे माहीत असून मागितला नाही. आजोबांनी विचारलं पैसे का भरलेस, तर मी म्हटलं आमच्याकडे अशीच पद्धत आहे. काकांचं दुकान पुढे केलं, तिथेसुद्धा!

बहिणीने कोणाला घाबरून फोन केला नव्हता. चार फोन झाले तरी पिकअप येईना, कारण सिस्टिममध्ये वजनकाटा डिलिव्हर झालाय, हेडफोनची नोंदच नाही. शेवटी त्यांच्या एरियात नेहमी येणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोराला तिने खोकं दाखवलं, तो म्हणाला ताई मी बघतो, वरच्या साहेबांना लेबलचा फोटो पाठवला आणि दुसऱ्या दिवशी रिटर्नची एंट्री करून चौथ्या मजल्यावरून घेऊन गेला. वजनकाटा अजून आलेला नाही, त्यासाठी ती १९१५ वर तक्रार करणार आहे. ग्रुपवर आता कोणाच्या तरी मुंजीची तारीख चालू आहे.

मी तिला माझं सगळं लिहून पाठवलं. तिचा उलट प्रश्न, मग पार्सलचे पैसे आता तरी माग की, पीआर आला ना? आला, चार वर्षं झाली. पावती अजून ऑर्डनरमध्ये, कागदांच्या फायलीत आहे, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याच्या नोंदणीचा कागद आणि भाडेकरार ह्यांच्या मधे, नीट पंच करून लावलेली.