आत्याची मागची सीट आणि बसमधलं ‘रेडिएशन’

गेल्या आठवड्यात आत्या आली ती बसच्या अगदी शेवटच्या सीटवर बसून. तिला पेसमेकर बसवलाय, पाठीचं जुनं दुखणं आहे आणि पुढच्या चार सीट रिकाम्या होत्या म्हणे. का गं, म्हणून विचारलं तर तिने फोनच माझ्यापुढे धरला. ‘बसमधला डिजिटल घोटाळा, जागे व्हा!’ बस कुठे आहे ते सांगणारं जीपीएस, ती किती मिनिटांत येईल ते दाखवणारे थांब्यावरचे बोर्ड, बसमधल्या घोषणा या सगळ्याविरुद्ध सहा मुद्दे आणि शेवटी हात जोडून ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. हाच मेसेज मलाही तिघांकडून आला होता. मी न वाचताच पुसला होता, तेव्हा थोडी चूक माझीही.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण आत्याला मागे नेऊन बसवलं ते त्याने. ‘जीपीएस यंत्र उपग्रहाकडे सतत शक्तिशाली किरण सोडते. पेसमेकरवाल्यांनी पुढे बसू नये.’ अहो, जीपीएस यंत्र उपग्रहाकडे काहीही सोडत नाही. ते फक्त ऐकतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह आपापली वेळ सांगत फिरत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती किती वेळ लागला, त्यावरून यंत्र आपली जागा काढतं. खाली येईस्तोवर त्या संदेशात जोर किती उरतो? एका वॅटचा कोटीवा भाग घ्या, त्याचा पुन्हा कोटीवा भाग करा, आणि त्याचाही शंभरावा. साधारण तेवढा. आणि तो तुमच्या गच्चीवरही तेवढाच पडतो, बसमध्ये चढा न चढा.

आता, काढलेली जागा कंट्रोल रूमला कळवायला त्याच डब्यात सिमकार्ड असतं आणि ते मात्र लहरी सोडतं. मेसेजवाल्याला हे ठाऊक असतं तर त्याने लाल अक्षरांत लिहिलं असतं. पण आत्याच्या पर्समधला फोनही तेच करतो. पेसमेकरवाल्यांनी फोन छातीपासून १५ सेंटिमीटर लांब ठेवावा, असं सांगतात. ड्रायव्हरच्या डॅशबोर्डमधला डबा पहिल्या सीटपासूनसुद्धा त्याच्या कितीतरी पट लांब. उलट मागच्या चाकांच्याही मागे बसलं की प्रत्येक खड्ड्याचा दणका सगळ्यात जास्त तिथेच बसतो. काळजाला जपायला म्हणून गेली आणि मणके आदळून घेऊन आली. बाकीच्या पाच मुद्द्यांवर मी हसून गप्प बसलो असतो, यावर नाही.

पहिला मुद्दा टाळ्या घेणारा आहे: ‘बस कुठे आहे हे कळल्याने बस लवकर येत नाही.’ अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये संशोधकांनी थांब्यांवर उभं राहून हेच तपासलं. लोक प्रत्यक्षात किती वेळ थांबतात ते मोजलं आणि तुम्हाला किती वाटलं तेही विचारलं. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. छापील वेळापत्रकावर विसंबणाऱ्यांना आपण थांबलो त्यापेक्षा जास्त थांबलो असं वाटत होतं. बसची खरी वेळ फोनवर बघणाऱ्यांना तसं वाटत नव्हतं. वेळापत्रकवाल्यांना वाटलेली सरासरी ९.९ मिनिटं, फोनवाल्यांना ७.५. आणि हे नुसते मनाचे खेळ नाहीत, खरी वेळ बघणारे घड्याळानेही जवळजवळ २ मिनिटं कमी थांबले. बस तीच, रस्ता तोच, फक्त घरातून कधी निघायचं ते त्यांना कळत होतं.

शिवाय अर्धा तास काही नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन बस पाठोपाठ, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पहिली बस जराशी उशिरा निघते, तोवर थांब्यावर गर्दी साचते, गर्दी चढायला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. पाठची मात्र रिकाम्या थांब्यांवरून सुसाट येऊन तिला गाठते. दोन्ही कुठे आहेत हे नियंत्रकाला दिसलं तर तो पाठचीला एखाद्या थांब्यावर दोन मिनिटं रोखतो. न दिसता कुणाला रोखणार?

चौथा मुद्दा म्हणे, ‘गुगल मॅप फुकट असताना वेगळा खर्च कशाला?’ यावर मी खरंच कपाळाला हात लावला. गुगलला बसची वेळ सांगतं कोण? बस चालवणारेच! २००५ साली अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहरात बस चालवणाऱ्या ट्रायमेट या संस्थेने आपलं वेळापत्रक गुगलला दिलं, त्यातून जीटीएफएस नावाची मांडणी जन्माला आली: थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा यांच्या साध्या मजकुराच्या फायली. धावत्या बसची माहिती त्याच धाटणीने द्यायची सोय २०११ साली झाली. डेपोतून माहिती निघालीच नाही, तर नकाशावर बस आपोआप उगवत नाही.

दुसरा, ड्रायव्हरवर पाळत. वापरणाऱ्याची नियत वाईट असेल तर होईल. पण ‘बस थांबवलीच नाही’ अशी खोटी तक्रार आली की जीपीएसची तीच नोंद ड्रायव्हरला वाचवते. पाचवा, घोषणांचा गोंगाट, ‘प्रत्येकाला आपला थांबा माहीत असतो’. डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसाला विचारून या.

उरला सहावा: ‘बोर्डावरची वेळ खोटी असते.’ इथे, नाइलाजाने, थोडं मान्य. तीन मिनिटं, दोन मिनिटं, ‘येत आहे’, आणि मग बस आलीच नाही, हे मीही सोसलंय. पुष्कळदा फेरी डेपोतच रद्द झालेली असते आणि कुणी ती यंत्रणेतून काढलेली नसते. किंवा गाडी सुटते, पण ही गाडी अमुक फेरीवर आहे अशी जोडणी कुणी केलेली नसते. मग यंत्रणा मुकाट्याने छापील वेळच बोर्डावर टाकते आणि आपल्याला ती खरी वाटते. जिथे नीट केलंय तिथे छापील वेळ आणि खरी वेळ वेगळी दाखवतात, हे सगळीकडे सक्तीचं हवं. पण त्यासाठी ‘बोर्ड काढून टाका’ ही मागणी म्हणजे घड्याळ मागे पडलं म्हणून भिंत पाडण्यासारखं आहे. मार्ग क्रमांक, थांब्याचं नाव आणि बोर्डावर काय दिसलं ते वेळेसकट टिपून तक्रार करा. कोणती फेरी जोडायची राहिली, ते तेवढ्यावरून शोधता येतं.