साप घ्या, पण जंगलीच घ्या!

पाळायला साप घ्यायचं ठरलंय ना? मग पैदास केंद्रात जन्मलेल्या बॉल पायथनच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या त्या छोट्या अजगराच्या, नादी लागू नका. त्यात काय मजा? अंड्यातून निघाल्यापासून माणसं बघितलेला प्राणी. डीप फ्रीजरमधला उंदीर कोमट पाण्यात ठेवून, बर्फ उतरवून चिमट्याने पुढे धरला की गिळतो आणि पडून राहतो. वीस-तीस वर्षं हेच!

त्यापेक्षा जंगलातून धरून आणलेला घ्या. एक तर स्वस्त पडतो, शिवाय एकाच्या पैशांत अख्खं गोकुळ घरी येतं. खवल्यांखाली गोचिडी, डोळ्यांच्या कडेला माइट्स म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, पोटात जंत. साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहिला, तर त्याच्या स्वच्छतेचं कौतुक करा. तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके दिसतील, ते बुडून मेलेले माइट्स. पोहता न आलेले एवढेच. बाकीचे शेजारच्या टाकीतल्या सापाकडे निघालेत.

जेवणाचं तर विचारूच नका. आफ्रिकेतल्या बिळांत रानउंदरांवर वाढलेल्या बॉल पायथनला तुमचा पांढरा उंदीर खायची वस्तू आहे हेच मुळी पटत नाही. तो अंगाचा चेंडू करतो, डोकं आत खुपसतो आणि महिनोन्‌महिने उपास धरतो. तुम्ही आज अंधार करून बघा, उद्या उंदीर बदलून. परवा जिवंत उंदीर आत सोडा आणि खुशाल झोपायला जा. साप खाणार नाहीच, पण उंदराला भूक लागते. रात्रभरात तो सापाची पाठ कुरतडतो. चला, कुणीतरी जेवलं! पशुवैद्याचं बिल बघून तुमचीही भूक जाईल.

वयही विचारायचं नाही. तीन वर्षांचा असेल, नाहीतर तेवीस.

अर्थात पैदाशीतही माणूस हात दाखवतोच. ‘स्पायडर’ नावाची सुंदर नक्षीची बॉल पायथनची जात निघाली. तिच्या जनुकाबरोबरच डोकं डोलायचा, तोल जायचा मज्जासंस्थेचा दोषही येतो. नक्षी इतकी छान की दोष खपून जातो.

आणि जंगली घ्यायची लाज वाटत असेल, तर कागदावरचा ‘पैदाशीचा’ घ्या. इंडोनेशियातून निर्यात होणाऱ्या हिरव्या वृक्ष अजगरांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. फार्मवर जन्मले म्हणून पाठवलेल्यांपैकी किमान 80 टक्के जंगलातून उचललेले निघाले. मन साफ, कागद साफ, जंगलही साफ.

फक्त विकणाऱ्याला नसत्या चौकशा करू नका. पिल्लू कधी निघालं, आईबाप कुठे आहेत, शेवटचं कधी खाल्लं, माझ्यासमोर खाऊन दाखवेल का, असलं काही नको. धड उत्तरं मिळाली, तर पंचाईत व्हायची. मुकाट्याने निरोगी साप घरी न्यावा लागेल.